दोन तोळे वाळा

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलात की पुढची ओळ चुकेल. गेल्या मे महिन्यात भाच्याच्या बारशात मी स्वतःची जी काही शोभा करून घेतली, ती अख्ख्या आंदर मावळात अजून चवीनं सांगतात. त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. निदान मीठमसाला माझ्या बेतानं पडेल.

आधी माझी एक अडचण सांगतो. मला घाम फार येतो. लोणावळ्यात राहून घाम कसा, असं लोक विचारतात. अहो, लोणावळ्याची थंड हवा पाहुण्यांसाठी असते. आम्ही बंगल्यांचं बुकिंग करणारी माणसं. दिवसातून दहा वेळा किल्ल्यांचा जुडगा घेऊन चढ चढायचा म्हटल्यावर मे महिना तो मे महिनाच.

म्हणून मला सेंटचा नाद. आणि उन्हाळ्यात कुठला वास लावावा यातला मी मोठा जाणकार, असं माझं मत होतं. थंडीत ऊद चालतो. पावसाळ्यात काहीही चालतं, कारण सगळ्या गावालाच कुबट वास येत असतो. पण उन्हाळ्यात गोड काही लावलंत की ते घामात मिसळतं आणि तुमचा शिरा होतो. एकदा व्हॅनिलाचा फवारा मारून मी एका चिक्कीच्या दुकानासमोर उभा राहिलो, तर आतल्या माश्या चिक्की सोडून माझ्याकडे आल्या. माझी बायको शुभांगी या विषयावर काही बोलत नाही. मी तयार होऊन बाहेर आलो की ती उठून खिडकी उघडते, एवढंच.

तर गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं होतं, यंदा वाळा. आपण माठात टाकतो त्या वाळ्याचं अत्तर. थंडगार, मातकट, घामाला पुरून उरणारं. आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

अशात आईचा फोन आला. माझी धाकटी बहीण रूपाली पहिलटकरीण. सव्वा महिना माहेरी काढून ती बाळाला घेऊन आंदर मावळात सासरी गेली होती, आणि बारसं सासरच्यांनी दणक्यात करायचं ठरवलं होतं. आई तिच्या सोबतीला गेली होती. तिकडे रेंजची बोंब.

"दत्ता, ऐकू येतंय का? मी लिंबाखाली हाये. हितंच जरा रेंज येती."

"बोल आई."

"रविवारी येळंवर या. आन वाळ्यांचं तेवढं तू बघ. मामाचा मान आसतो. इसरू नको."

"वाळ्याचं?"

"व्हय, वाळ्यांचं."

तुम्हाला कळलं ना? तुम्ही हे वाचताय, म्हणून कळलं. आई सांगत होती बाळाच्या पायातल्या वाळ्यांचं. पण तो अनुस्वार फोनवर कुणाला ऐकू येतो? मला ऐकू आला माठातला वाळा. बाळाला पायात वाळे मामानं करायचे असतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर त्या वेळी मी काहीतरी हुंगत असणार.

उलट मला भरून आलं. एवढंसं लेकरू, वर मे महिन्याचं ऊन, अंगावर घामोळ्या. अशा वेळी मामानं त्याच्यासाठी वाळ्याचं अत्तर आणायचं. काय एकेक रीत आहे आपल्यात, असं म्हणून मी थेट बाजारातलं अत्तराचं दुकान गाठलं.

दुकानातले चाचा म्हणाले, "साहेब, गर्मीत वाळाच. बाकी सगळं बाकीच्या महिन्यांत."

पण मी जाणकार. तुलना केल्याशिवाय घेतो होय? डाव्या मनगटावर मोगरा, उजव्यावर केवडा, कोपराशी चंदन, त्याच्यावर चमेली. पाऊण तासानं चाचा म्हणाले, "साहेब, हातावर जागा संपली. आता पाय पुढे करा." मग मी वाळाच घेतला. अत्तर तोळ्यावर मिळतं. मानाचं काम म्हणून दोन तोळे घेतला.

दुसऱ्या दिवशी परत लिंबाखालून फोन.

"झालं का वाळ्यांचं?"

"झालं आई. दोन तोळे घेतला."

"दोनच? चां... लय हालकं व्हतील रं."

मधलं 'चांदीचं' रेंजनं खाल्लं. मी म्हणालो, "हलकं कसलं? एकदम भारी काम आहे. उन्हात धरलं की सोन्यासारखं चमकतंय."

"सोन्या..." आणि फोन कटला.

पुढचं मला नंतर कळलं. आई तिथूनच वळली आणि विहिरीवरच्या बायकांना म्हणाली, "माजा दत्ता भाच्याला सोन्याचं वाळं आनतोय. दोन तोळ्याचं." संध्याकाळपर्यंत त्याचे तीन तोळे झाले. शनिवारी त्यात करदोटाही आला. रूपालीच्या जावेच्या भावानं त्यांच्या बाळाला चांदीचे वाळे केले होते आणि जाऊबाई ते वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या. त्या घरात रूपाली नवी, बुजरी. आता तिला सकाळचा पहिला चहा हातात मिळायला लागला. थोडक्यात, माझ्या बहिणीचं नाक माझ्या खिशात होतं आणि खिशात अत्तराची बाटली होती.

रविवारी मोटारसायकलवरून निघालो. आधी कॉलरला चमेली, कानामागे वाळा, रुमालाला केवडा. शुभांगी मागे नाकाला पदर लावून बसली होती. मी तिला वाटभर वाळ्याचे गुण सांगत होतो.

अंगणात ताडपत्रीचा मांडव. खाली माणसं नुसती उकडत होती. एवढी गर्दी बघून मला वाटलं, रूपालीच्या सासऱ्यांचा गोतावळा मोठा आहे. ती सगळी माझे वाळे बघायला आली होती, हे मला काय माहीत? रूपालीचे सासरे, आबा, स्वतः पुढे आले.

"या मामा, बसा पाळन्याजवळ. आन काढा आता वाळं, समदी वाट बघत्यात."

मी खिशातून बाटली काढली. ताडपत्रीच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात ती धरली. "हा बघा. आहे की नाही सोन्यासारखा?"

सगळ्यांच्या माना पुढे आल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बाटलीत घालून आनल्यात व्हय?"

आईनं माझ्या हातातून बाटली घेतली, उलटीसुलटी केली. "दत्ता, वाळं कुटं हायती?"

"हाच तो वाळा, आई. अस्सल. दोन तोळे."

"आरं पायातलं वाळं," आई हळूच म्हणाली, "पायातलं."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. जाऊबाई पदराआड हसायला लागल्या. रूपाली मान खाली घालून बाळाची दुपटी सारखी करत बसली, सारखी असलेलीच. मला तिच्याकडे बघवेना. थट्टेचं सोडा, पण त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली. ताडपत्री फाडून वर निघून जावं असं वाटलं.

तेवढ्यात शुभांगी पुढे झाली. तिनं पर्समधून लाल डबी काढली आणि आबांपुढे उघडून धरली. आत चांदीचे, बारीक घुंगरांचे, सुरेख वाळे.

"मामाच्या खिशातून पडतील म्हणून मी ठेवले होते," ती म्हणाली.

मी तिच्या कानाशी लागलो. "तुला माहीत होतं?"

"मामाचा मान म्हणून तुम्ही बाटली आणलीत तेव्हाच ओळखलं."

"मग सांगायचं की मला."

"दोनदा सांगायला आले. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, आधी हे हुंग."

म्हातारीला अजून शंका होती. "सोन्याचं म्हनत व्हती ना?"

आबा म्हणाले, "आमच्यात लेकराच्या पायात चांदीच घालत्यात. सोन्याचं कोन म्हनलं?" सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई लिंबाच्या झाडाकडे बघत होती.

रूपालीनं मान वर केली. चला, इभ्रत वाचली. मी वाळे हातात घेतले आणि भाच्याच्या पायात घालायला पाळण्यात वाकलो.

भाचा शिंकला. एकदा, दोनदा, लागोपाठ पाच वेळा. मग लालबुंद होऊन त्यानं असा टाहो फोडला की मांडवाबाहेरची कुत्री उठली. मी मागे सरलो, तो गप्प झाला. परत वाकलो, परत शिंका. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

"मामा, राग नका मानू," आबा अगदी अदबीनं म्हणाले, "पर तुमी आधी आंगोळ करून या. तवर नाव ठिवायचं थांबवतो."

थांबवलं हो. पन्नास-साठ माणसं, भटजी, पाळणा म्हणणाऱ्या बायका, सगळे खोळंबले आणि मी विहिरीजवळच्या दगडावर पंचा नेसून अंग घासत होतो. चमेली गेली, केवडा गेला, चार तांब्यांनंतर वाळाही गेला. कोनाड्यात साबणाची एक तांबडी वडी होती, ती अर्धी झिजवली. माझ्या कपड्यांना वास म्हणून आबांचं धोतर आणि पैरण चढवून परत मांडवात आलो.

या वेळी भाचा शिंकला नाही. मी दोन्ही पायांत वाळे घातले, त्यानं पाय झाडले आणि घुंगरं वाजली. रूपाली हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. मला फार बरं वाटलं.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. मी कोपऱ्यात धोतर सावरत बसलो होतो. शुभांगी आपणहून जवळ येऊन बसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, उन्हाळ्यात ती आपणहून इतकी जवळ बसल्याचं मला आठवत नाही. खांद्याशी नाक नेऊन तिनं चांगला लांब श्वास घेतला.

"अहो, आज कित्ती छान वास येतोय तुम्हाला. हेच लावत जा ना उन्हाळाभर. काय आहे हे?"

मी काही बोलायच्या आत मागून आबा म्हणाले, "बैल धुवायचा साबन हाय त्यो. ऱ्हायलेली वडी बांधून देऊ का?"