मंत्रीजींचा कोपरा

रामघाटच्या गल्लीत नरहरपंतांचं विटांचं घर आहे, पणजोबांनी १९११ साली बांधलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पंतांनी त्याची सेवाच मांडली आहे. दर दिवाळीआधी ते शिडीवर चढून भिंतीला गेरू फासतात आणि वर पट्टी धरून चुन्याच्या रेघा ओढतात. खऱ्या सांध्यांपेक्षा आपल्या रेघा सरळ आहेत, याचा त्यांना कोण अभिमान.

फक्त वळणावरचा कोपरा त्यांना कधी साधला नाही. तिथे रोज सकाळी एक भलामोठा सांड अंग घासतो. हिंदी बोलणारी गल्ली त्याला मंत्रीजी म्हणते. पंत काठी घेऊन धावतात, मंत्रीजी शांतपणे दुसरी कूस वळवतात.

गेल्या माघात शहरातल्या जुन्या घरांची यादी होऊ लागली. पणजोबांचं घर त्यात यावं, एवढीच पंतांची इच्छा. पाहणीला तेजश्री नावाची मुलगी येणार म्हटल्यावर त्यांनी दिवाळीची वाट न पाहता गेरूचा ताजा हात मारला. खिडक्यांवरच्या कमानीही सोडल्या नाहीत.

तेजश्रीने एक रेघ बोटाने पुसली आणि लाल झालेल्या बोटाकडे पाहिलं. गिलाव्यावर विटा रंगवलेली घरं यादीत घेत नाहीत, असं तिने संकोचत सांगितलं. पंतांनी पणजोबांचं नाव सांगितलं, साल सांगितलं. कागद मात्र पुरात गेले होते. मग ते सुरीने भिंत खरवडायला लागले, तर लालच्या खाली लालच निघत गेलं.

पंतांच्या पत्नी शरदिनीबाई दारातून हे बघत होत्या.

"अहो, खरी वीट एकाच ठिकाणी उरलीय. तीसुद्धा मंत्रीजींच्या कृपेने."

तिघं कोपऱ्यावर गेली. मंत्रीजींचं घासणं चालू होतं, ते उरकेपर्यंत थांबावं लागलं. मग तेजश्रीने तिथे हात फिरवला. लादलेल्या जनावरांचं ओझं वळणावर अडकू नये म्हणून साच्यातच गोल पाडलेल्या विटा, आणि खिळाही शिरणार नाही इतके बारीक चुन्याचे सांधे.

"काका, हे सोनं आहे. एवढाच कोपरा कसा सोडलात?"

"मुद्दामच सोडला," पंत म्हणाले.

शरदिनीबाईंना ठसका लागला.

घर यादीत आलं, बाकीचा गेरू धुण्याच्या अटीवर. दुसऱ्या दिवशी पंत काठीऐवजी बादली आणि ब्रश घेऊन बाहेर आले. मंत्रीजी हजर होतेच. पंतांनी कोपऱ्याशेजारची भिंत ओली केली, बादली बाजूला सरकवली आणि अदबीने म्हणाले, "साहब, जरा इधर भी."