पंच्याण्णवला काढलेला प्लग

देवदत्त परुळेकर मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदारपणा शिकवायला नको. इथे आखातात, खैतानमधल्या आमच्या इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि मी त्याच्या बरोबर वर. तो एका खासगी क्लिनिकमध्ये सीटी स्कॅनचा टेक्निशियन, मी सरकारी इस्पितळात नर्स. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. हसतमुख, कुणाचं सामान गावी न्यायचं असेल तर आपली बॅग रिकामी करणारा, शुक्रवारी स्वतः माशाचं कालवण करणारा. सगळे म्हणतात, माणूस लाखात एक. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी त्याच्याशी लग्न थोडंच केलंय!

लग्न केलं अबोलीने. पुण्यात ती दातांच्या लॅबमध्ये होती. डॉक्टर तोंडाचा स्कॅन पाठवतात, त्यावरून कॉम्प्युटरवर दाताची कॅप घडवायची, ते तिचं काम. हात चांगला, नजर त्याहून चांगली. इथे आल्यावर ती घरी बसली, म्हणजे त्याने बसवली. एकदा भांडण झालं तेव्हा तो जे बोलला ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. "माझ्या सहीर रवतंस तू हंय, इसरू नको!" बायकोचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या जिवावर असतो, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण ती तोंडावर फेकून मारायची नसते. मला वाटलं, खाली जाऊन त्याच्या कालवणात बादलीभर मीठ ओतावं.

त्याला वेड एकच, कॉम्प्युटरचं. आमच्या मंडळींत कुणाला नवं मशीन घ्यायचं असलं की आधी देवदत्तला विचारायचं असा रिवाजच पडून गेलाय. लोक एकमेकांना गाव विचारतात, हा प्रोसेसरची पिढी विचारतो. "खयच्या पिढीचो तुझो?" आणि मग समोरच्याचा जुना म्हणून कीव करायची, नाहीतर नवा म्हणून खिल्ली उडवायची. त्याचा स्वतःचा प्रोसेसर आधीच्या पिढीतला, पण खेळांसाठी खास, चिपवर जास्तीची मेमरी चढवलेला. त्याच्यावर त्याचं इतकं प्रेम, की फडक्याने पुसतानाही त्याच्याशी बोलायचा. बायकोशी इतकं बोलला असता तर मी हे सांगत बसले नसते.

तर अबोलीला काम चालून आलं. अर्दियाच्या गोदामांच्या भागात एक डेंटल लॅब आहे, तिथल्या मुख्य ताहिरा मॅडम. त्यांनी तिची जुनी कामं पाहिली आणि हिंदीत सांगितलं, "एक पूरा केस बनाके दिखाओ. ऊपर का पूरा जबड़ा. संडे सुबह चाहिए." पसंत पडलं तर नोकरी, आणि कंपनीच्या नावावर इकामा. स्वतःचा. कुणाच्या सहीवर नाही. मला सांगताना ती आनंदाने नाचली वगैरे नाही. नुसती म्हणाली, "ताई, मला हे हवंय."

काम करायचं कशावर? घरात मशीन एकच, त्याचं. तो कामावर गेला की ती बसायची. पण अख्ख्या जबड्याचा हिशेब करताना ते मशीन रडकुंडीला यायचं. चहा टाका, गाळा, प्या, कप विसळून ठेवा, तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच. तिने नव्या पिढीचं मशीन घेऊ या म्हटलं. तिचे स्वतःचे साठवलेले पैसे होते. देवदत्त हसला. "नव्यात काय ठेवलाहा? बोर्ड बदला, मेमरी बदला, आणि वर भट्टी पेटवून बसा. तुका काय कळता त्यातला?" मग म्हणाला, शुक्रवारी सगळ्यांदेखत सामनाच लावू या. जुना जिंकला तर विषय बंद.

हवालीच्या एका कॉम्प्युटर दुकानात रत्नागिरीचा मुझफ्फर कामाला आहे. त्याच्याकडून नव्या पिढीचं तयार मशीन उसनं आणलं. शुक्रवारी जेवणं झाली आणि दुपारी हॉलमध्ये दोन्ही मशीनं शेजारी मांडली. मंडळी गादीवर रेलून बसली. एक खेळ लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचे आकडे पळत होते. खरं सांगायचं तर खेळात दोघांत उन्नीस-बीस. एका खेळात तर जुनाच पुढे. देवदत्तने मांडीवर थाप मारली. "बघलात? आता सांगा, घेवचो नवो?" सगळे हसले. मुझफ्फर बिचारा दुकानातला माणूस, तोही म्हणाला, नुसतं खेळायला असेल तर जुना बस झाला.

"माझं काम लाव आता," अबोली म्हणाली.

सामना कामासाठी आहे हे तोवर सगळे विसरले होते, आणि त्याने त्यांना विसरायला लावलं होतं. चार माणसांत नाही म्हणता येईना. तिने आपली वेगळी ड्राइव्ह आणली. केस त्यातच होती. आठवडाभराचं तिचं काम. आधी जुन्या मशीनला जोडली. पट्टी रांगत रांगत गेली, लोकांचं फळांचं ताट रिकामं झालं, कुणीतरी जांभया देऊ लागलं, तेव्हा कुठे संपली. मग तीच ड्राइव्ह नव्याला जोडून पुढचा टप्पा लावला. पट्टी सरसर निघाली. जांभया देणारा उठून बसला. मी पाहत होते अबोलीकडे. पहिल्यांदाच तिचं तोंड उजळलेलं दिसलं मला त्या घरात.

देवदत्त पाहत होता कोपऱ्यातल्या तापमानाकडे. नव्वद. त्र्याण्णव. पंच्याण्णव. "जळतला!" तो ओरडला, आणि कुणाला काही कळायच्या आत वाकून त्याने भिंतीतला प्लग ओढून काढला.

पडदा काळा. मशीन परत चालू केलं तर अर्धवट लिहिली गेलेली केस उघडेना. मूळ स्कॅन शाबूत होते, पण त्यावर आठवडाभर बसून तिने घडवलेले दात गेले. मुझफ्फर चाचरत म्हणाला, "अरे, ही पिढी पंच्याण्णवपर्यंत जातेच. तशीच बनवलीय. तिथे पोचली की स्वतःच वेग कमी करते." देवदत्तने दोन्ही हात वर केले. "कामावरची सवय ती! सीटीची ट्यूब तापली काय आमी थांबतव. हात आपसूक गेलो." आणि मंडळींनी माना डोलावल्या. होतं असं, म्हणाले. भला माणूस, मशीन वाचवायला गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार काय? माझ्याही इस्पितळात सीटीमधली ती एक्स-रे सोडणारी ट्यूब तापली की थांबतातच.

अबोली जमिनीवर बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "पेशंट टेबलावर असताना ट्यूब तापली तर काय करतोस?"

"थांबतव."

"थांबतोस. प्लग काढतोस का?"

कुठलाही टेक्निशियन माणूस आत असताना मशीनचा वीजपुरवठा तोडत नाही. थंड होऊ देतो आणि राहिलेला स्कॅन पुरा करतो. हे देवदत्तला ठाऊक, मला ठाऊक, आणि आता त्या हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक झालं. कुणी कुणाकडे बघेना. एकेक जण घड्याळ बघत उठला.

मुझफ्फर म्हणाला, "वहिनी, मशीन रविवारपर्यंत ठेवा." मी एका हाताने ते उचललं, दुसऱ्या हाताने तिला, आणि दोघांना वर माझ्या घरी आणलं. शुक्रवारची रात्र आणि अख्खा शनिवार तिने माझ्या जेवणाच्या टेबलाशी काढला, दात पहिल्यापासून घडवत. मी भात वाढायची, ती अर्धा खायची. ते मशीन पंच्याण्णवला टेकलं की माझा जीव खालीवर व्हायचा. ते मात्र शांतपणे चालत राहायचं. रविवारी सकाळी जबडा ताहिरा मॅडमकडे पोचला. दुपारी फोन आला, "कब से आओगी?"

इतकं सरळ संपलं असतं तर बरं झालं असतं. लॅबचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घालणारा माणूस, म्हणाला की नवऱ्याच्या इकाम्यावरून सोडवून घ्यायचं तर नवऱ्याची सही लागेल. म्हणजे शेवटी पुन्हा त्याचीच सही. तिला एकटीला मी खाली जाऊ देणार नव्हते.

देवदत्त खेळत नव्हता. दोघांच्या जेवणाची भांडी घासत होता, सवयीने दोन ताटं काढली असावीत. त्याने हात पुसले, कागद वाचला. "सही केलंय तर तू जातलंस?"

मी मनात म्हटलं, बाई, नाही म्हण. आधी सही पदरात पाड, मग हवं तिथे जा.

"हो," अबोली म्हणाली. "फहाहीलला लॅबच्या मुलींबरोबर खोली बघितलीय."

त्याने ओट्यावरच कागद ठेवून सही केली, आणि कागद हातात धरून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "माका म्हायत होता. पंच्याण्णवाक त्या चिपाक कायएक होणा नाय, ता माका आधीच म्हायत होता."

"मलाही," ती म्हणाली. "तुला माहीत होतं ते."

तिने कागद त्याच्या हातातून घेतला, आम्ही चपला घातल्या आणि निघालो. जिन्यात ती रडली नाही. रडले मी, आणि त्या माणसापायी डोळ्यांतून पाणी यावं याचा मला आणखीच संताप आला.