उफणण्याआधीचं माप

पुण्याहून निघालेली बस नाशकात द्वारका चौकात अशी अडकली की पुढची सुरगाण्याची एसटी डोळ्यांदेखत गेली. डोकं आधीच तापलेलं होतं. पिशवीत माझा प्रबंध होता, त्यावर मार्गदर्शक सरांची सही हवी होती, मुदत सोमवारी संपत होती आणि सर नागलीच्या (नाचणीच्या) खळ्यासाठी गावी जाऊन बसले होते. फोनवर म्हणाले, "शेवटचा तक्ता काढून टाक, मग सही करतो."

मिळेल त्या गाडीने वणी गाठली आणि तिथून जीप धरली. "सीट भरल्याबिगर गाडी हालत नाय, ताई," ड्रायव्हर म्हणाला. मग तोच तक्ता उघडून चरफडत बसले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. भौतिकशास्त्रातल्या क्षेत्राची (फील्डची) सर्वांत कमी ऊर्जा नेमकी काढता येत नाही, म्हणून अवस्थेचा एक अंदाज बांधायचा आणि त्याची ऊर्जा मोजायची. मोजणी चोख असेल तर ती खऱ्या किमतीच्या खाली कधीच उतरत नाही, म्हणून ज्याचा आकडा कमी तो सरस. अट एकच. अंदाजात गेजचा, म्हणजे आपण वर्णनासाठी निवडलेल्या मोजपट्टीचा, जो भाग मिसळतो तो आधी काढून टाकायचा. ते गणित फार अवघड. सरांनी त्याची पहिली पायरी ठेवली, बाकीचं सोडून दिलं. आमचा आकडा इतर सगळ्यांपेक्षा कमी आला आणि सर हरखले. पण ज्या छोट्या नमुन्याचं खरं उत्तर ठाऊक आहे, तिथे आमचा आकडा त्याच्याही खाली गेला होता. तक्त्यात तेवढंच होतं.

घाट चढून पोचले तर खळ्यावर मळणी झालेली. नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं (घट्ट आमटी) समोर आलं. चव उत्तम होती. रागामुळे निम्मंच खाल्लं. तेवढ्यात वारा पडला, कोंडा उडवणं थांबलं, म्हणून सरांचे थोरले भाऊ कोंड्यासकट राशीला पायली (धान्य मोजायचं माप) लावू लागले.

सर ओरडले, "दादा, वारा नाय म्हणून काय झालं? उफणल्याबिगर माप लावायचं नाय!"

माझा तोल सुटला. "सर, मग आपण दुसरं काय केलंय? गणित जमलं नाही म्हणून कोंड्यासकटच मोजलंय ना?"

दादांनी पायली खाली ठेवली. "ती नागली आहे. हे भौतिकशास्त्र आहे," सर म्हणाले आणि सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं.

परतीच्या जीपमध्ये सरांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. वणी येईपर्यंत तो राग माझ्याकडेच वळला. तो तक्ता शेवटच्या परिशिष्टात, बारीक टायपात, कुणाच्या नजरेत येऊ नये असा मीच टाकला होता.

सोमवार सहीविना गेला. वर्ष वाया गेलं, त्याची चीड अजून आहे. तक्ता मात्र आता पहिल्या प्रकरणात आहे, पहिल्याच पानावर.