तोलून झाल्यावरची एक मूठ

आक्का वारली ही बातमी मला आजऱ्याहून नाही, दुबईहून कळली. सकाळी फिरून आलो होतो, चहाचं आधण ठेवत होतो, तेवढ्यात भाचीचा, सुप्रियाचा फोन आला. आक्काच्या कारखान्यातल्या बायकांनी मला आधी लावून पाहिला होता, पण माझा फोन नेहमीसारखा आवाज बंद करून खिशात पडलेला. "मामा, आई गेली... झोपेतच," एवढंच ती बोलली. पहिला हुंदका ओसरला आणि मनात आलं, आजऱ्याची बातमी कोल्हापूरला यायला समुद्र ओलांडून गेली आणि परत आली. आक्का असती तर म्हणाली असती, "मास्तर, माल उलटा फिरला की रं!" आणि पोट धरून हसली असती. आता दीड महिना होत आला. तिच्याबद्दल लिहायला बसलो की रडूऐवजी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंदाकिनी. आमच्या वडिलांचं आजऱ्यात किराणा दुकान होतं आणि शाळा सुटली की ती गल्ल्यामागच्या स्टुलावर बसायची. तराजूचा काटा मध्ये येऊन थांबला की वडील माल पुडीत ओतायचे. आक्का मात्र काटा थांबल्यावर पुन्हा पोत्यात हात घालायची आणि वर एक मूठ टाकायची. वडील डोळे वटारायचे. ती म्हणायची, "गिऱ्हाईक हाय, चोर न्हवं. नेमकं मोजून काय द्यायचं?" पुढे लग्न होऊन ती गावातल्याच एका काजू कारखान्याच्या घरात गेली. दाजी लवकर गेले, तेव्हापासून कारखाना तिनेच चालवला, आणि तिथेही दारात किलोभर काजू घ्यायला आलेल्याला तोलून झाल्यावर ती मूठ मिळायचीच. मी कोल्हापुरात कॉमर्स कॉलेजात लागलो. तीस वर्षं मुलांना परदेशी व्यापार शिकवला आणि स्वतः काडेपेटीसुद्धा सीमेपार पाठवली नाही. हे आक्काने मला कधीही विसरू दिलं नाही. पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना म्हणायची, "ह्यो आमचा नंदू. पवायला शिकिवतोय, पर पाण्याला भितोय."

साठीला टेकल्यावर ती लेकीकडे दुबईला गेली. तिथल्या एका दुकानात काजूची पाकिटं दिसली, एक विकत घेऊन तिने तिथंच फोडलं. "नंदू, हे काजू न्हवंत, काजूचं फोटू हाईत," तिने रात्र व्हायच्या आत मला फोन करून सांगितलं. मग तिथं स्वतःची कंपनी काढायचं तिने मनावर घेतलं, पण त्याचं खरं कारण चव नव्हती, ते तिने कोल्हापुरात माझ्यासमोर बसून सांगितलं. कारखान्यात अठरा बायका काजू सोलायच्या. हंगाम सरला, पावसाळा लागला की काम थांबायचं आणि त्या घरी बसायच्या. इथल्या बाजारात सगळ्यांचाच माल एकदम यायचा, तिच्या मालाला वर्षभर गिऱ्हाईक नव्हतं. "बारा महिने उठाव असलं तर बारा महिने काम. पारू मला इचारती, आक्का, आवंदा पावसाळ्यात काय करू? मी काय सांगू तिला?" पारूबाई ही तिच्या कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. तेव्हा आक्काला परदेशात कंपनी काढायची होती ती पारूबाईच्या पावसाळ्यासाठी. मी मनात म्हटलं, चार दिवसांत हौस फिटेल. माझे अंदाज हे असे.

मग दर सोमवारी ती आजऱ्याहून एसटीने यायची आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर वही उघडायची. निर्यातीचा परवाना, मालाचा ठरलेला आकडी कोड, माल कुठल्या देशातला याचा दाखला, पाकिटावर अरबीतलं लेबल... मी शिकवायचो, ती लिहून घ्यायची आणि मध्येच असं काही विचारायची की मला चष्मा पुसावा लागायचा. "तितल्या कंपनीचा माल तितं पोचला, मंग इतला कागुद कुणाच्या नावाचा?" तीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं. मी वेळ मागून घेतला आणि चक्क अभ्यास केला. दुबईतल्या कंपनीच्या अर्जात नावासाठी तीन पर्याय द्यायचे होते. आक्काने तिन्ही रकान्यांत ‘आजरा’ लिहिलं. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाली, "बारशाला तीन नावं इचारत्यात व्हय?" अर्ज अर्थातच परत आला. दुसऱ्या खेपेला सुप्रियाने ‘आजरा’च्या पुढेमागे शब्द लावून तीन नावं केली आणि कंपनी निघाली. सुप्रिया तिथलं बघणार, आक्का इथलं.

पहिला माल निघाला तेव्हा मी आदल्या आठवड्यात आजऱ्याला जाऊन सगळे कागद ओळ न् ओळ तपासले. साठ खोकी, प्रत्येक खोक्यात वीस पाकिटं. यादी चोख, बिल चोख. मी छाती फुगवून कोल्हापूरला परतलो. माल विमानाने दुबईला पोचला आणि दुसऱ्या दिवशी सुप्रियाचा फोन... कस्टमने माल अडवला होता. अधिकाऱ्याने एक खोकं उघडून मोजलं, एकवीस पाकिटं निघाली. दुसरं उघडलं, एकवीस. तिसरं, एकवीस. कागदावर वीस आणि खोक्यात एकवीस, म्हणजे कुणीतरी माल लपवून आणतंय. मी आजऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. आक्का हळूच म्हणाली, "मूठ टाकलोय की रं..." सीलबंद पाकिटात मूठ टाकता येईना म्हणून बाईने प्रत्येक खोक्यात एक अख्खं पाकीट वर टाकलं होतं! मी तिला तोंडाला येईल ते बोललो. थोरल्या बहिणीला असं बोलायला नको होतं, पण बोललो. ती एवढंच म्हणाली, "पयल्यांदा माल चाललाय परक्या मुलखात. नेमकं मोजून धाडलं तर पावणं काय म्हनतील आमास्नी?"

चेष्टेची वेळ नव्हती. दुबईत माल घेणारा दुकानदार एकच होता आणि त्याने साफ सांगितलं होतं, शुक्रवारी माल फळीवर लागला नाही तर मी दुसऱ्याचा घेईन. पहिलाच माल अडकलेल्या कंपनीला दुसरा कोण दुकानदार दारात उभं करतो? इकडे कारखान्यात पारूबाई आणि बाकीच्या बायका ओट्यावर बसून होत्या, त्यांना तर पावसाळ्याचं वचन दिलेलं. आक्काने बुधवारचं विमान धरलं. पुढचं सुप्रियाने सांगितलेलं. अधिकाऱ्याने विचारलं, जास्तीचं पाकीट का? आक्का तिच्या भाषेत म्हणाली, "सायेब, तुमच्याकडं खजूर तोलून झाल्यावर वर दोन टाकत न्हाईत व्हय?" सुप्रियाने भीत भीत भाषांतर केलं. साहेब एवढा हसला की शेजारच्या टेबलावरचे दोघे बघायला उठले. पण नियम त्याने सोडला नाही, आणि मला तो माणूस त्यासाठीच आवडतो. दंड भरायला लावला, यादी नव्याने करायला लावली आणि वर समजावून सांगितलं, फुकट द्यायचं तर जरूर द्या, पण बिलावर त्याची वेगळी ओळ लिहा, विनामूल्य म्हणा, आणि तरीही कस्टमसाठी त्याची किंमत दाखवा. आक्काने तिथंच खुर्चीत बसून साठही खोक्यांची यादी स्वतःच्या हाताने उतरवली. इंग्रजी अक्षरं तिची मुळातच गोल, गोजिरी. गुरुवारी संध्याकाळी माल सुटला, शुक्रवारी फळीवर लागला. रात्री मला फोन करून म्हणाली, "नंदू, फुकाट दिलं तरी किंमत लिवायची, हे तू शिकिवला न्हाईस." नव्हतंच शिकवलं.

त्यानंतर आजऱ्याहून गेलेल्या प्रत्येक बिलावर दोन ओळी असायच्या. पहिली विकलेल्या मालाची, दुसरी प्रत्येक खोक्यातल्या एका पाकिटाची, विनामूल्य. आम्ही घरात तिला मुठीची ओळ म्हणायचो. पुढच्या पावसाळ्यात मी आजऱ्याला गेलो तर कारखान्यातून बायकांच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. पारूबाईने मला दारातच अडवून मूठभर काजू दिले आणि म्हणाली, "सर, आवंदा छत्री नवी घेतलो. कामावर यायला लागती न्हवं!" आक्काचा लौकिकही पसरला. कुरुंदवाडचा कुणी गूळ बाहेर पाठवायचा म्हणून यायचा, पेठ वडगावचा कुणी चटणी. मी तीस वर्षं शिकवलेला प्राध्यापक कोल्हापुरात मोकळा, आणि लोक एसटी बदलून तिच्याकडे! ती आधी जेवायला वाढायची आणि मग पहिला प्रश्न विचारायची, "वर किती टाकतासा?" माणूस गोंधळून म्हणायचा, काहीच नाही. "टाका की वाईच. पर लिवून टाका."

दिवसकार्य झाल्यावर सुप्रिया दुबईला परतली आणि मी आजऱ्यातच राहिलो, कारण आक्का गेली त्या दिवशी एक माल अर्धा भरून पडलेला होता. कागद तपासायचं माझं काम. तिच्या टेबलापाशी बसलो, समोर तिचा चष्मा, तिची वही. बिलावर दोन्ही ओळी होत्या. पण एकदा तोंड पोळलेलं, म्हणून मी उठून एक खोकं उघडून मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं, बावीसच. दुसऱ्या खोक्यातही बावीस. मी पारूबाईकडे पाहिलं. ती हात पुसत जवळ आली. "एक वरचं. आन् ह्ये एक आक्कांचं, सर... न्हाई म्हनू नगा."

मी नाही म्हटलं नाही. परत टेबलापाशी येऊन पेन उघडलं आणि मुठीच्या ओळीखाली तिसरी ओळ लिहिली. प्रत्येक खोक्यात एक पाकीट, विनामूल्य. किमतीच्या रकान्यापाशी हात थोडा थांबला, पण नियम तिनेच शिकवला होता, म्हणून किंमतही लिहिली. चार दिवसांनी सुप्रियाचा फोन आला. योगायोगाने माल त्याच साहेबासमोर गेला होता. त्याने बिल वाचलं आणि विचारलं, ही तिसरी ओळ कशाची? "मामा, मी म्हटलं, आईची." तो खुर्चीतून उठला, एक खोकं स्वतः उघडलं आणि सगळी पाकिटं टेबलावर मांडून सावकाश मोजली.

"मग?" मी विचारलं.

"बरोबर बावीस, मामा. माल सुटला."