बेंजोला हात लावू नका

माझा पहिला बेंजो हळदीने मेला. पालेगावात एका नवरदेवाची हळद होती. आम्ही मांडवाच्या कडेला वाजवत होतो आणि नवरदेवाची आत्या रंगात आली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, तेलाने चपचपलेले. "वाज्याला हलद नाय लावली कोनी?" असं ओरडत ती माझ्याकडे आली. मी गाल पुढे केला. बाईने गाल सोडला आणि दोन्ही पंजे बेंजोच्या बटणांवर दिले घासून.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पेटी, वर तारा, आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने पत्ती मारायची. बटणांखाली बारीक स्प्रिंगा असतात. तेल-हळदीचा लगदा त्यांच्यात शिरला की विषय संपला. माझी बटणं खाली गेली ती वर आलीच नाहीत. आत्या मात्र खूश. म्हणाली, "आता तुजा पन लगीन व्हईल." लग्न राहू दे बाजूला, त्या सीझनची निम्मी कामं गेली. माझ्या जागी आमच्या वाजंत्र्यांच्या पार्टीने एका कीबोर्डवाल्याला उभं केलं. तो वाजवायचा कमी, केस उडवायचा जास्त, आणि लोकांना तेच आवडायचं. माझं डोकं फिरलं.

दुसरा बेंजो घेतला तेव्हा ठरवलं, याला जावयासारखं जपायचं. आधी आमच्या बिल्डिंगमधल्या विमा एजंटला गाठलं. तो म्हणाला, "गाडीचा काढतो, म्हशीचा काढतो. बेंजोचं मी तरी ऐकलं नाही."

"मग माझ्या बोटांचा काढा."

"ते सिनेमावाल्यांचं असतं हो. तुमचं एक बोट गेलं तर उरलेल्या नवांनी वाजवा."

वर माझ्याच घरचा चहा पिऊन गेला, मेला.

मग उल्हासनगरला गेलो. तिथे एका सिंधी शेठचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. त्याला म्हटलं, उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून दे. बाहेरून जीन्स, मध्ये फोम, आतून प्लास्टिक, आणि चेन अशी की पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साईं, इसमें बच्चा सुलाओगे क्या?" पण पिशवी शिवली एकदम झकास. मागे दोन खिसेसुद्धा लावून दिले, पँटीला असतात तसे. पार्टीतली पोरं तिला बेंजोची चड्डी म्हणायची. म्हणोत. त्या वर्षी चार हळदी झाल्या आणि माझ्या बटणांना एक डाग लागला नाही. मांडवात शिरतानाच मी सांगायचो, नवऱ्याला लावा, नवरीला लावा, मला आंघोळ घाला हळदीने, पण बेंजोला हात लावू नका.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्या घरात हत्यारं पुजतात. शेती गेली, तिथे टॉवर उभे राहिले, तरी आई कोयता, विळा, मिक्सर, झालंच तर माझ्या बापाची ढोलकी, असं सगळं पाटावर मांडते. बापूस आयुष्यभर लग्नात ढोलकी वाजवायचा. त्या दिवशी मी आंघोळीला गेलो होतो. चार वाजता बदलापूरला देवीच्या विसर्जनाची मिरवणूक होती, आणि कीबोर्डवाला टपूनच होता. मी टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर काय! पिशवीची चेन उघडी, बेंजो पाटावर. बटणांवर हळद, बटणांवर कुंकू. आई झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडत होती, आणि मूठभर अक्षता स्प्रिंगांमध्ये गेल्या होत्या.

मी असा ओरडलो की खालचा वॉचमन वर आला. "सगळ्या जगापासून वाचवला आणि तू घरात मारलास! याचा विमापण नाय! परत हात लावलास तर याद राख!"

आईने हातातलं फूल पाटावर ठेवलं. मग म्हणाली, "विमा म्हंजे काय ता मना म्हाईत नाय. तुज्या बापसाची ढोलकी मी आशीच पुजली. कवा फुटली नाय."

खरं होतं. ढोलकी फुटली नाही, बापूसच आधी गेला. पण मी कुठला ऐकतोय! पेटी उलटी केली, झटकली, आईचाच केसांचा आकडा घेऊन तांदूळ काढत बसलो. तीन बटणं तरी बसलेलीच राहिली. ती चुकवत मिरवणूक कशीबशी निभावली.

आईची माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. चहा आहे का, असं विचारायचं, की मिटलं. मी तेही विचारलं नाही. त्यानंतर आई बेंजोच्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरवेना. सगळं घर लख्ख, आणि त्या पिशवीभोवती बोटभर धूळ. मला ती रोज दिसायची. लाजही वाटायची. तरी पिशवी उचलून कामाला निघून जायचो.

पुढचा दसरा आला. पाटावर कोयता, विळा, मिक्सर, ढोलकी. बेंजो नाही.

"आई, बेंजो?"

"नको रं बाबा. त्याचा विमा नाय." मग दुसरा पाट पुढे सरकवला. "बस इकडं."

"मी?"

"हात पुढं कर."

मी बसलो. तिने माझा डावा हात मांडीवर घेतला आणि एकेका बोटाला हळद लावली, मग कुंकू. मग उजवा हात. तळहातावर अक्षता ठेवल्या, झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं आणि दहाही बोटांना मिळून एकच नमस्कार केला.

"हत्यार ह्याच हाय ना," ती म्हणाली. "लाकूड काय, इकत मिलतं."

मी विचारलं, "चहा हाय का?"

"हाय," ती म्हणाली.

हात धुवायचं मन झालं नाही. संध्याकाळी बदलापूरच्या मिरवणुकीत दोन तास वाजवलं. घाम आला, बोटं ओली झाली. विसर्जन झाल्यावर बेंजो पिशवीत ठेवायला घेतला तर ढोलवाला ओरडला, "अरे, बटणं पिवळी झाली बघ! कोणी हात लावला रे?"

"मीच," म्हटलं, आणि न पुसता चेन लावली.