विहीणबाईंची गोल वाट

पुण्याहून फोन आला तेव्हा अमेरिकेत, बॉथेलच्या घरात आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. फोन माझ्या सुनेनं, मनीषानं घेतला. दोनदा "कधी?" म्हणाली आणि हातातला चमचा खाली न ठेवताच उभी राहिली. तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई प्रभाताई, सकाळी दूध तापत ठेवून खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. दूध उतू जाऊन गॅस विझला, त्या वासानं त्यांचे यजमान स्वयंपाकघरात आले. राजू, माझा मुलगा, तिकीट बघायला कॉम्प्युटरवर बसला आणि मनीषा हाताला लागेल ते बॅगेत भरत राहिली. साडेचार वर्षांच्या तन्वीनं मला विचारलं, "आजी, इज पुण्याची आजी सिक?" मी म्हटलं, नाही, गेली. लहान मुलाला असं सांगू नये, असं नंतर राजू म्हणाला.

याला आता पाच आठवडे झाले. विहिणी म्हटल्या की लोकांना मानपान आणि रुसवेफुगवे आठवतात. आम्हाला त्याला सवडच मिळाली नाही. आम्ही दोघी चार वर्षं एका घरात, एका खोलीत, एका पलंगावर राहिलो, पण पाळीपाळीनं. इकडे नोकरी करणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी असंच चालतं. नातवंड सांभाळायला एक आजी येते, तिचे व्हिसाचे महिने संपले की ती जाते आणि दुसरी येते. प्रभाताई मार्चअखेर येत आणि सप्टेंबरअखेर परत जात. त्या गेल्या की मी यायची. त्या पुरते सहा महिने राहत, मी साडेपाच. वर्षातला उरलेला पंधरवडा राजू-मनीषा रजा काढून भागवत. साडेपाचाच्या वर एक दिवस द्यायला मी तयार नव्हते, आणि तसं मी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं.

एकत्र राहिलो ते फक्त तीन आठवडे, तन्वी जन्मली तेव्हा. बाळंतपणाला त्या आधीच आलेल्या होत्या. उंच, सडपातळ, केस कापलेल्या, हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिलेली नाही. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त बाळाच्या दुपट्यांबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ट्रेलवर नेलं. घरापासून दहा मिनिटांवर ही वाट आहे. पूर्वी तिथून रेल्वे जायची, रूळ काढून डांबरी रस्ता केला आहे. मोटारीला बंदी. माणसं चालतात, सायकली जातात, कडेला उंच झाडं, आणि पुढं गेलं की मोठं तळं लागतं. प्रभाताईंनी कुणाच्या तरी गॅरेजसमोरच्या जुन्या सामानातून एक सायकल घेतली होती. त्या पुण्यात आयुष्यभर सायकलीवरून शाळेत गेल्या. मला म्हणाल्या, तुम्हालाही शिकवते, इथं गाडी येत नाही त्यामुळे भीती नाही. मी बरं म्हटलं. त्यांनी मागून कॅरियर धरलं आणि मी पायडल मारू लागले. "घाबरू नका विहीणबाई, मी धरलंय," असं म्हणत त्या बासष्टाव्या वर्षी माझ्यामागे धापा टाकत तळ्यापर्यंत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाकावर बसवलं, पदर खोचला आणि निघाले. लांबच्या वळणापर्यंत जाऊन एका हातानं परत आले, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सावरत. राजूचे वडील गेले तेव्हा राजू सहा वर्षांचा होता. त्यांच्या दांड्याच्या सायकलीला दोन कॅन लावून मी अकरा वर्षं डेअरीला दूध घातलं आहे. राजूला हे चारचौघांत काढलेलं आवडत नाही, म्हणून प्रभाताईंना माहीत नव्हतं.

"मग काल मला कशाला पळवलंत?"

"मास्तरणीला शिकवायची हौस दिसली. म्हटलं, भागवावी."

त्या इतक्या हसल्या, की बाकावरून घसरून वाटेतच बसल्या. येणारी एक सायकल त्यांना वळसा घालून गेली.

त्यानंतर आम्ही एकमेकींना पाहिलं ते फोटोत. पण मी आले, की कपाटात मोठ्या अक्षरात लिहिलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या असायच्या. मी सावकाश वाचते हे त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. लाकडी पुलापाशी पानं ओली असतात, घसराल. तिसरा बाक झाडाखाली आहे, पावसात कोरडा राहतो. प्यायच्या पाण्याचा नळ थंडीत बंद करतात, बाटली न्या. मी चिठ्ठ्या लिहीत नसे. जाताना कारळाची चटणी करून ठेवायची. त्यांना आवडायची की नाही, मी विचारलं नाही. पण डबा दर वेळी रिकामा मिळायचा.

या देशातल्या दिवसाबद्दल बायका खोटं बोलतात. फोनवर सांगतात, फार छान आहे, मोठं घर आहे. घर मोठं आहे हे खरं. पण सकाळी आठला मुलगा-सून जातात, आणि संध्याकाळी सहापर्यंत त्या मोठ्या घरात फ्रिजचा आवाज असतो. शेजारी कोण राहतं ते गॅरेजचं दार उघडलं की दिसतं, बंद झालं की संपलं. माझ्या वाट्याला हिवाळा, चार वाजता अंधार. पुढं तन्वी सकाळचे तीन तास शाळेत जाऊ लागली, तेव्हा पाऊस थांबला की मी सायकल काढायची. ट्रेलवर मागून येणारा माणूस "ऑन युवर लेफ्ट" म्हणतो आणि डावीकडून पुढं निघून जातो. कधी कधी दुपारपर्यंत माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच असायचं. प्रभाताईंचं काही वेगळं नव्हतं. त्यांना इंग्रजी येत होतं, एवढाच फरक. एकदा फोनवर म्हणाल्या होत्या, "लायब्ररीतली बाई मला नावानं हाक मारते हो... म्हणून मी उगाच पुस्तकं बदलून आणते."

त्या लायब्ररीतच त्यांना ते पुस्तक सापडलं. फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांतल्या सायकलच्या वाटांचं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला गावी फोन केला. फोनच्या कार्डावरचे आकडे दाबून करायचा तो फोन, मिनिटं सरत असतात, तरी त्या घाईनं बोलल्या नाहीत. सांगत होत्या, तिथं एक तळं आहे, त्याच्याभोवती पूर्ण वाट आहे, एकही मोटार नाही. सायकल भाड्यानं मिळते, जवळच्या गावात म्हाताऱ्या बायका खोली देतात. दर खेपेला त्यांचं विमान पॅरिसला बदलायचं, आणि सात सात तास त्या विमानतळाच्या खुर्चीवर काढायच्या. या वेळी तिथं उतरून दहा दिवस राहायचं, असं त्यांच्या मनात होतं.

"इथल्या ट्रेलवर आपण जातो आणि मग मागे वळतो," त्या म्हणाल्या. "तिथं वळायचं नाही. पुढं पुढं गेलं की आपोआप निघाल्या जागी. मला एकदा तसं जाऊन बघायचंय."

पुण्याकडचे दिवस त्यांना वाढवता येत नव्हते. व्याह्यांना चहासुद्धा करता येत नाही. त्यांची बहीण येऊन राहायची, ती सप्टेंबरअखेरीला तिच्या घरी जायची म्हणजे जायची. तेव्हा ते दहा दिवस बॉथेलकडूनच निघायला हवे होते, म्हणजे माझ्याकडून. "तुम्ही दहा दिवस लवकर याल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सायकलच चालवायची ना, मग दाराशी ट्रेल आहे की. शिवाय माझा भुईमूग काढायचाय.

त्या म्हणाल्या, "बरं. भुईमूग आधी. तळं काही पळून जात नाही."

भुईमूग नव्हता. रान दोन वर्षांपूर्वीच वाट्यानं दिलं होतं. मला त्या फ्रिजच्या आवाजात दहा दिवस जास्त बसायचं नव्हतं, हे खरं कारण. तसं सांगितलं असतं तर त्यांना ते दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं असतं. कदाचित आम्ही काही मार्ग काढला असता. पण मास्तरणीपुढे रडगाणं नको म्हणून भुईमूग पुढे केला. त्या ठरल्या दिवशी गेल्या, पॅरिसला सात तास खुर्चीवर बसल्या आणि पुण्याला पोचल्या. मी ठरल्या दिवशी आले. फ्रान्सचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही. मला वाटलं, पुढच्या वर्षी बघू.

मनीषा पुण्याहून परत आल्यावर चार दिवसांनी मी तिला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आई, तिला माहीत होतं. शेत वाट्यानं दिलंय, हे मीच बोलले होते तिच्याशी." मी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या? मनीषानं घडी मोडून पुन्हा घातली. "म्हणाली, त्यांनाही नको होत असेल इथं. आपण जोर करू नये."

मार्चच्या मध्यावर माझं तिकीट होतं. माझ्यामागून यायला आता कुणी नाही. राजूनं भीत भीत विचारलं, "आई, पंधरा दिवस पुढं ढकलू?" मी हो म्हटलं. तन्वीला दिवसभराच्या पाळणाघरात जागा मिळेपर्यंत थांबेन. ज्या बाईला दहा हवे होते तिला दिले नाहीत, आता पंधरा देते आहे. यात चांगुलपणा काही नाही.

गॅरेजात सायकल उभी आहे. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, कारण ती आम्हा दोघींतच होती आणि आम्हीही कधी बोललो नव्हतो. त्या उंच, मी बुटकी. जाणारीनं येणारीच्या मापाला सीट लावून जायचं. मी जाताना सीट चार बोटं वर करायची, त्या चार बोटं खाली. गेल्या सप्टेंबरात मी आले, दुसऱ्या दिवशी सायकलीला हात लावला, तर सीट खाली होती, माझ्या मापाला. माझं खोटं कळलेलं होतं, फ्रान्स गेलेलं होतं, बॅगा भरलेल्या असतील, आणि त्या गडबडीत त्यांनी पाना शोधून, वाकून, ती सीट खाली केली होती.

काल मी पाना बाहेर काढून ठेवला. राजूनं पाहिलं, विचारलं, कशाला? मी म्हटलं, जाताना सीट वर करून जाणार आहे.

"आई, आता कुणासाठी?"

मी म्हटलं, तुला काय करायचंय.