हळदीच्या धुळीवर ढकललेला दोष
दारात हळद वाळत पडली की तो वास मला सरळ इस्लामपूरच्या दवाखान्यात नेतो. काही वर्षांपूर्वी हळद काढणीच्याच दिवसांत सुनेबरोबर हळद निवडताना बायकोची छाती धडधडायला लागली, तेव्हा मी माझी धडधड कमी करायची गोळी तिला दिली. आमच्या घरात एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची रीतच होती. तिला दमा होता. थोड्याच वेळात ती धापा टाकू लागली आणि पंप मारूनही श्वास मोकळा होईना. दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "आजोबा, पंपाचं औषध पेशीवरच्या रिसेप्टर नावाच्या जागेवर बसतं. मग पेशीच्या आतलं 'जी प्रोटीन' नावाचं प्रथिन निरोप पुढं देतं आणि श्वासनळी सैल पडते. तुमची गोळी त्याच जागेवर जाऊन बसलीय. निरोप आत जाणार कसा?" दुसऱ्या औषधांनी ती वाचली. बाहेर मात्र माझ्या मुली सुनेला बोलत होत्या, "दम्याच्या बाईला हळदीच्या धुळीत बसवतंय व्हय कुणी?" सून रडत होती आणि मी गप्प राहिलो. काल अखेर सुनेला सगळं सांगितलं. ती भांडी घासतच म्हणाली, "आवं मामा, मला कशाला सांगताय? ज्या बोलल्या त्यास्नी सांगा." आज दोन्ही मुलींना जेवायला बोलावलंय.